मुंग्या आल्या की विमान गेले!
रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानातून दूरवरचे चित्र आणताना वारंवारिता आणि अँटेना यांची निवड कशी ठरते?

दूरदर्शनचा एकच चॅनेल असलेल्या काळात घरोघरी एक दृश्य हमखास दिसे. एक जण गच्चीवर चढून अँटेना फिरवीत असे, दुसरा जिन्यात उभा राहून निरोप पोहोचवीत असे आणि तिसरा संचासमोर बसून 'आले, आले... गेले, पुन्हा मुंग्या आल्या' असे धावते समालोचन करीत असे. आज केबल आणि इंटरनेटच्या जमान्यात त्या मुंग्या विस्मृतीत गेल्या आहेत. मात्र मॉडेल विमाने उडविणाऱ्या हौशी मंडळींच्या जगात त्या अजूनही जिवंत आहेत आणि तेथे त्यांची किंमत बरीच मोठी आहे. गच्चीवरची अँटेना फिरली तर फार तर 'छायागीत' बुडत असे. येथे मुंग्या आल्या, तर हजारो रुपयांचे विमान कोठे कोसळेल आणि कोणाच्या डोक्यावर कोसळेल, याची शाश्वती नसते.

विमानाच्या नाकावर छोटा कॅमेरा, त्याला जोडलेला व्हिडिओ ट्रान्समीटर, जमिनीवर रिसीव्हर आणि चालकाच्या डोळ्यांवर पडदा असलेला गॉगल, अशी ही रचना असते. विमानात बसल्यासारखे समोरचे दृश्य पाहत उडविण्याच्या या प्रकाराला 'फर्स्ट पर्सन व्ह्यू' अर्थात 'एफपीव्ही' म्हणतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याभोवती उडविलेल्या अशाच एका विमानाचे चित्रीकरण जगभर गाजले आणि या छंदाकडे अनेकांचे लक्ष गेले. तथापि, चित्र अर्धा किलोमीटरवरून येणे वेगळे आणि पाच किलोमीटरवरून येणे वेगळे. हा पल्ला कशामुळे वाढतो, याबाबत हौशी मंडळींमध्ये अनेक समज-गैरसमज आहेत. 'अधिक वॉटचा ट्रान्समीटर घ्या', हा त्यातील सर्वांत लोकप्रिय आणि बहुधा सर्वांत महागडा सल्ला आहे.

तीन पट्टे, तीन स्वभाव

एफपीव्हीच्या चित्रासाठी जगभरात प्रामुख्याने तीन वारंवारिता पट्टे वापरले जातात. ५.८ गिगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि १.२ ते १.३ गिगाहर्ट्झ. वारंवारिता जितकी कमी तितकी लहरीची लांबी जास्त. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ५.२ सेंटिमीटर, २.४ गिगाहर्ट्झची १२.५ सेंटिमीटर, तर १.२८ गिगाहर्ट्झची साधारण २३.४ सेंटिमीटर असते. अँटेनाचा आकार या लांबीवरूनच ठरतो. ५.८ गिगाहर्ट्झची अर्ध्या तरंगलांबीची अँटेना बोटाच्या पेराएवढी होते. १.२८ गिगाहर्ट्झसाठी तीच अँटेना वीतभर नसली, तरी पावणेबारा सेंटिमीटरची होते.

कमी वारंवारितेची लहर दूर जाते, असे सरसकट म्हटले जाते. ते खरे आहे. पण त्यामागचे कारण बहुतेकांना वाटते तसे नाही. मोकळ्या हवेत या तिन्ही लहरी जवळपास सारख्याच पसरतात. हवा त्यातील एकीला अधिक 'खाते' असे या अंतरात तरी घडत नाही. फरक पडतो तो लहर पकडणाऱ्या अँटेनामुळे. पाऊस सर्वत्र सारखाच पडत असेल, तर परातीत अधिक पाणी साठेल आणि वाटीत कमी. ५.८ गिगाहर्ट्झची छोटी अँटेना ही वाटी आहे, तर १.२८ गिगाहर्ट्झची मोठी अँटेना ही परात. हॅराल्ड फ्रिस या अभियंत्याने १९४६ मध्ये मांडलेले सूत्र हाच हिशेब सांगते.

या सूत्रानुसार एक किलोमीटर अंतरावर ५.८ गिगाहर्ट्झच्या संदेशाची घट सुमारे १०८ डेसिबल होते. २.४ गिगाहर्ट्झला ती १०० डेसिबल, तर १.२८ गिगाहर्ट्झला ९५ डेसिबलच्या आत असते. हे आकडे जवळजवळचे भासतात. पण डेसिबलचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट शक्ती, १० डेसिबल म्हणजे दहापट. म्हणजेच ५.८ आणि १.२८ गिगाहर्ट्झमधील १३ डेसिबलचा फरक हा तब्बल २० पट शक्तीचा फरक आहे.

हिशेब मांडला तर...

प्रत्यक्ष उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, विमानात अर्ध्या वॉटचा ट्रान्समीटर आहे. डेसिबलच्या भाषेत ती शक्ती २७ होते. विमानावरची अँटेना त्यात २ डेसिबलची आणि जमिनीवरची अँटेना ८ डेसिबलची भर घालते. एकूण जमा ३७. साध्या अॅनालॉग रिसीव्हरला बघण्याजोग्या चित्रासाठी साधारणतः उणे ८५ इतका संदेश लागतो, असे धरू. म्हणजे वाटेत १२२ डेसिबल 'खर्च' करण्याची मुभा आहे. मात्र विमान वळते, झाड आडवे येते, चालकाची मान फिरते. त्यासाठी १० डेसिबल राखीव ठेवायला हवेत. उरले ११२.

एवढ्या भांडवलावर ५.८ गिगाहर्ट्झचे चित्र सुमारे १.६ किलोमीटर, २.४ गिगाहर्ट्झचे जवळपास ४ किलोमीटर आणि १.२८ गिगाहर्ट्झचे ७.४ किलोमीटर अंतरावरून येऊ शकेल. अर्थात, हा मोकळ्या आकाशातला कागदावरचा हिशेब झाला. शहरात वायफायचा गोंगाट मिसळला, की तो झपाट्याने आटतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. पल्ला दुप्पट करायचा तर ६ डेसिबल लागतात. ते ट्रान्समीटरकडून मिळवायचे, तर अर्ध्या वॉटचे दोन वॉट करावे लागतात. बॅटरीवरचा भार वाढतो आणि तळहाताएवढ्या विमानात तवा तापावा तसा ट्रान्समीटर तापतो. उलट, जमिनीवरची अँटेना २ डेसिबलऐवजी ८ डेसिबलची केली, तरी नेमका तोच लाभ होतो. त्यासाठी विमानावर एक ग्रॅमही वजन वाढत नाही. म्हणूनच जाणकार आधी अँटेनावर खर्च करतात आणि वॉट वाढविण्याचा विचार अगदी शेवटी करतात.

विजेरी की कंदील?

अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. उपलब्ध शक्ती एका दिशेला एकवटते. कंदील खोलीभर मंद उजेड देतो, तर विजेरी तोच उजेड एका झोतात दूरवर नेते. सर्व बाजूंना ऐकणाऱ्या अँटेनेला 'ऑम्नी' म्हणतात. सरळ उभी दांडीसारखी डायपोल अँटेना या प्रकारातली. तिचा एक दोष मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिला चहूबाजूंचे ऐकू येते. पण स्वतःच्या टोकाच्या दिशेने ती जवळजवळ बहिरी असते. त्यामुळे विमान अगदी डोक्यावरून जात असताना, म्हणजे सर्वांत जवळ असताना, चित्रात मुंग्या येतात आणि नवखा चालक गोंधळून जातो.

दिशादर्शक अँटेनांमध्ये तीन प्रकार प्रचलित आहेत. चपट्या चौकोनी वडीसारखी 'पॅच', मळसूत्रासारखी वळणे असलेली 'हेलिकल' आणि पूर्वी गच्चीवर दिसणारी आडव्या काड्यांची 'यागी'. जपानच्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये मांडलेली ही रचना दूरदर्शनमुळे भारतीय घरांच्या छपरांवर पोहोचली. हेलिकल अँटेना ही अमेरिकेतील जॉन क्राउस यांची १९४६ मधील देणगी. यांपैकी पॅचचा झोत रुंद असतो आणि ती तिपाईवर लावून उड्डाणाच्या दिशेने रोखली, की सहसा हलवावी लागत नाही. काड्या किंवा वेढे वाढवत नेले, की यागी आणि हेलिकलचा झोत अरुंद आणि पल्ला लांब होत जातो.

झोत फार अरुंद झाला, तर मात्र तो शाप ठरतो. ५.८ गिगाहर्ट्झवर ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी लावली, तर २८ डेसिबलच्या घरात लाभ मिळतो आणि १.२८ गिगाहर्ट्झच्या तुलनेतली सारी उणीव भरून निघते. पण तिचा झोत जेमतेम सहा अंशांचा असतो. हात लांब करून दाखविलेल्या तीन बोटांच्या रुंदीएवढ्या आकाशात वेगाने जाणारे विमान धरून ठेवायचे, तर विमानाच्या जीपीएस माहितीनुसार आपोआप फिरणारे यंत्र लागते. याला 'ट्रॅकर' म्हणतात. तो अडकला, तर ऐन मोक्याच्या क्षणी विजेरी भलतीकडे आणि विमान भलतीकडे!

यावर व्यवहार्य तोडगा म्हणजे 'डायव्हर्सिटी' रिसीव्हर. यात दोन रिसीव्हर एकत्र असतात. एकाला ऑम्नी, दुसऱ्याला पॅच किंवा हेलिकल जोडायची. ज्याचा संदेश स्पष्ट, त्याचे चित्र यंत्र आपणहून पडद्यावर आणते. जवळचे कंदील सांभाळतो आणि दूरचे विजेरी.

लहरींचा पीळ

अँटेना निवडताना सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे ध्रुवीकरण. उभ्या दांडीतून निघणारी लहर उभीच कंप पावते आणि उभ्या दांडीलाच नीट सापडते. विमान वळताना एका अंगावर कलले, की त्यावरची दांडी आडवी होते. उभी आणि आडवी यांची भेट अशी होतच नाही. प्रत्यक्षात २० डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरपट घट होऊ शकते. गंमत अशी, की चालकाला चित्राची सर्वाधिक गरज असते ती नेमकी वळणावरच.

यावरचा उपाय म्हणजे वर्तुळाकार ध्रुवीकरण. यात लहर स्क्रूच्या आट्यांप्रमाणे फिरत पुढे जाते. त्यामुळे विमान कसेही कलले, तरी फारसा फरक पडत नाही. तीन-चार पाकळ्यांच्या फुलासारखी दिसणारी 'क्लोव्हरलीफ' अँटेना याच कुळातली. आटे उजवे किंवा डावे असतात आणि विमान व जमीन या दोन्हींकडे ते एकाच बाजूचे असावे लागतात. एकीकडे उजवी आणि दुसरीकडे डावी लावली, की पुन्हा तीच २० डेसिबलच्या आसपासची घट वाट्याला येते. बाजारातून घाईत घेतलेल्या जोडीत ही चूक सर्रास होते.

या पिळाचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. इमारत, जमीन किंवा पत्र्याची शेड यांवर आदळून परतणाऱ्या लहरीचा पीळ उलटा होतो. उजव्या पिळाची अँटेना हा डावा प्रतिध्वनी बऱ्याच अंशी नाकारते. त्यामुळे मूळ आणि परावर्तित लहरी एकमेकींत मिसळून चित्र फाटण्याचे प्रमाण घटते.

नजर पुरेशी नाही

'विमान दिसते आहे ना, मग चित्र यायलाच हवे' हा समजही अपुरा आहे. रेडिओलहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही. दोन टोकांच्या मध्ये ती दुधी भोपळ्यासारखा फुगवटा धरते. या प्रदेशाला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. पाच किलोमीटर अंतरासाठी मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे ८ मीटर, तर १.२८ गिगाहर्ट्झला १७ मीटर असते. त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. म्हणजे दूर पोहोचणाऱ्या कमी वारंवारितेला मोकळी जागाही जास्त लागते. जमिनीलगत ठेवलेल्या अँटेनेपेक्षा तीन-चार मीटर उंच काठीवरची साधी अँटेना सरस ठरते, ती यामुळेच.

शेजाऱ्यांची भांडणे

एवढे वाचल्यावर १.२ ते १.३ गिगाहर्ट्झचा पट्टाच सर्वोत्तम, असे कोणालाही वाटेल. पण त्याचे शेजारी पाहिले, की उत्साह मावळतो. जीपीएसचा मुख्य संदेश १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. उपग्रहावरून येणारा हा संदेश इतका क्षीण असतो, की विमानात इंचभर अंतरावर धडधडणारा १.३ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर जीपीएसचे कान बधिर करू शकतो. चित्र गेल्यावर विमानाने आपणहून परत यावे, अशी व्यवस्था याच जीपीएसवर विसंबून असते. म्हणजे ज्या तारणहारावर भिस्त, त्याचेच डोळे आपण बांधायचे!

नियंत्रणाच्या रेडिओशीही खटके उडतात. १.२ गिगाहर्ट्झची दुप्पट २.४ गिगाहर्ट्झ होते. स्वस्त ट्रान्समीटरमधून मूळ वारंवारितेच्या दुप्पट, तिप्पट वारंवारितेचा कचराही बाहेर पडतो. विमानातला नियंत्रणाचा रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झवर असेल, तर तो या कचऱ्यात बुडतो. उलट, नियंत्रणासाठी ४३३ मेगाहर्ट्झ वापरले, तर त्याची तिप्पट १२९९ होते आणि चित्रच बिघडते. म्हणून या पट्ट्यात चांगल्या प्रतीचा फिल्टर आणि उपकरणांमधले अंतर या गोष्टी अपरिहार्य ठरतात. नियम एवढाच, की नियंत्रणाचा पल्ला नेहमी चित्राच्या पल्ल्याहून अधिक असावा. चित्र आधी गेले, तर विमान माघारी बोलावता येते. नियंत्रण आधी गेले, तर हाती उरते ते केवळ अपघाताचे थेट प्रक्षेपण.

२०१९ पासून ५.८ गिगाहर्ट्झवरील डिजिटल यंत्रणा लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांचे चित्र आरशासारखे स्वच्छ असते. मात्र अॅनालॉग चित्र मुंग्यांच्या रूपाने आधी इशारा देते, तर डिजिटल चित्र शेवटपर्यंत सुंदर राहून अचानक गोठते. त्यामुळे त्यात पडद्यावरील संदेशशक्तीच्या आकड्यावर नजर ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते.

खोडदचे कान

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींपुरता राहत नाही. १.२ गिगाहर्ट्झच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही ट्रान्समीटरमध्ये १०८० मेगाहर्ट्झसारखे चॅनेलही असतात. प्रवासी विमाने आपली ओळख आणि उंची १०९० मेगाहर्ट्झवरून कळवितात, तर ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानांच्या दिशादर्शनासाठी राखीव आहे. अमेरिकेत अनधिकृत वारंवारितांवरील असे व्हिडिओ ट्रान्समीटर विकल्याबद्दल एका विक्रेत्याला तेथील दूरसंचार आयोगाने २०२० मध्ये सुमारे २८ लाख डॉलरचा दंड कायम केला.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप अर्थात 'जीएमआरटी' ही महादुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. नूतनीकरणानंतर तिचे कान १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ आणि २५० ते ५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतही उघडे असतात. एफपीव्हीचे १.३ गिगाहर्ट्झचे चित्र आणि ४३३ मेगाहर्ट्झचे नियंत्रण, दोन्ही नेमके त्यातच येतात.

अर्ध्या वॉटचा व्हिडिओ ट्रान्समीटर घेऊन एखादे विमान दुर्बिणीच्या नजरेच्या टप्प्यात ५० किलोमीटर अंतरावर उडाले, तरी त्याचा संदेश खगोलशास्त्राच्या 'जान्स्की' या एककात कागदोपत्री १० कोटींहून अधिक भरतो. दुर्बीण ज्या दूरस्थ दीर्घिकांचा शोध घेते, त्यांचे संदेश अनेकदा एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाहून क्षीण असतात. सह्याद्रीच्या डोंगररांगा जमिनीवरचा गोंगाट काही अंशी अडवितात. पण डोंगराच्याही वर उडणाऱ्या विमानाला ही भिंत लागू पडत नाही. पुणे-मुंबईहून शनिवार-रविवारी जुन्नरच्या डोंगरांकडे विमाने घेऊन निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून, तर ५.८ गिगाहर्ट्झसह पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ पासून ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त आहे. १.२ ते १.३ गिगाहर्ट्झला अशी सवलत नाही. या पट्ट्यात रडार आणि उपग्रह दिशादर्शन यांना अग्रक्रम आहे. १२४० ते १३०० मेगाहर्ट्झमध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर हौशी रेडिओ सेवेला स्थान आहे. पण तेही दुय्यम दर्जाचे. ९०० मेगाहर्ट्झच्या परदेशी उपकरणांचाही मोह टाळलेला बरा, कारण भारतात तेथे मोबाइल कंपन्यांचे जाळे आहे.

विमानाबाबत २०२१ चे ड्रोन नियम स्पष्ट आहेत. २५ किलोपर्यंतचे, हौसेसाठी उडविले जाणारे मॉडेल विमान चालकाच्या दृष्टीच्या टप्प्यातच उडवायचे असते. हरित क्षेत्रातही उंचीची मर्यादा ४०० फूट म्हणजे १२० मीटर आहे. मग सात किलोमीटरच्या चित्राचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर 'राखीव' या शब्दात आहे. सात किलोमीटरची कुवत असलेली यंत्रणा सातशे मीटरवर वापरली, तर २० डेसिबल अधिकचे हाताशी राहतात. विमान कलले, झाड आडवे आले, बॅटरी उतरली, तरी चित्र टिकते. दूरचा पल्ला गाठण्यासाठी घेतलेली मेहनत जवळच्या उड्डाणात सुरक्षितता बनून परत मिळते.

त्यामुळे शहरी हौशी चालकासाठी निवड तशी सोपी आहे. परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर, विमानावर वर्तुळाकार ध्रुवीकरणाची छोटी अँटेना, जमिनीवर उंच काठीवर त्याच पिळाची एक ऑम्नी आणि एक पॅच, सोबत डायव्हर्सिटी रिसीव्हर. आणि शेजारी उभा असा एक मित्र, ज्याच्या डोळ्यांवर गॉगल नाही आणि जो विमानाकडे उघड्या डोळ्यांनी पाहतो आहे. गच्चीवर अँटेना फिरवितानाही खाली 'आले का?' याचे उत्तर देणारा कोणीतरी लागतच असे. तंत्रज्ञान कितीही पुढे गेले, तरी त्या तिसऱ्या माणसाची गरज अजून संपलेली नाही.